विजेवर आडवी रेघ

"डोळे मिटू नकोस," अण्णा म्हणाला. "आणि माझ्याकडं नको बघू, कॅमेऱ्याकडं बघ."

मी कॅमेऱ्याकडे बघितलं. टक् असा बारीकसा आवाज झाला आणि माझ्या डोळ्यांपुढे सगळं पांढरंफटक झालं. आमच्या माजघराला खिडकी नव्हती. त्या अंधाऱ्या खोलीत अचानक फ्लॅश उडाला, की बराच वेळ समोर हिरवे-जांभळे ठिपके नाचत राहायचे. मी डोळे चोळायला गेले, तशी वहिनी ओरडली, "अहो मंजूताई, हात लावू नका तोंडाला! सगळं पुसलं जाईल."

अण्णा आणि वहिनी दोघंही कॅमेऱ्याच्या त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर वाकले होते. दोघांची डोकी एकमेकांना टेकली होती. मागून आईही डोकावली आणि अण्णाच्या कानाशी काहीतरी पुटपुटली.

"कसा आलाय? दाखव की मला."

"हलला," अण्णा म्हणाला आणि त्यानं फोटो पुसून टाकला.

मग त्यानं कॅमेऱ्याची बटणं दाबून बघितली. पडद्यावर एक विजेची खूण होती, तिच्यावर आडवी रेघ येईपर्यंत तो दाबत राहिला. "बाहेर चल," म्हणाला. ओसरीत जाईच्या वेलाजवळ मला खुर्चीवर बसवलं. सकाळचं ऊन भिंतीवरून सावकाश उतरून येत होतं. तिथे त्यानं दुसरा फोटो काढला आणि लगेच मला दाखवला.

"हा बघ. आता कसं!"

मी बघितलं. तो चेहरा माझाच होता, पण सगळा एका रंगाचा होता. ओठांच्या डाव्या कोपऱ्याजवळचा डाग नव्हता. हनुवटीखालून मानेवर उतरलेला, गुजरातच्या नकाशासारखा दिसणारा मोठा डागही नव्हता. शाळेतली लेकरं त्याला नकाशाच म्हणायची. मी तेव्हा औशाच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. दर वर्षी पाचवीत नवीन आलेलं एखादं पोरगं विचारायचंच, "बाई, तुमच्या मानेला रंग लागलाय." मी सांगायची, की हे कोड आहे, दुखत नाही, कुणाला होत नाही माझ्यामुळे. पोरं ऐकायची आणि चित्र काढायला लागायची. विषय तिथे संपायचा.

"हाच पाठवू या त्यांना," अण्णा म्हणाला.

"त्यांना" म्हणजे बिडव्यांना. अहमदपूरचं घर. मुलगा महारुद्र, नांदेडला माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता. मी एकोणतीस वर्षांची झाले होते आणि इतक्या वर्षांत बघायला आलेल्यांनी चहा-पोहे खाऊन, मानेकडे एकदा चोरून बघून, "कळवतो" म्हणून निघून जाण्याची मला सवय झाली होती.

"हा पाठव, पण डागांचं सांग त्यांना," मी म्हणाले. "फोटोत दिसत नाहीत म्हणून म्हणते."

"सांगतो ना. न सांगता कसं चालेल?"

मला अण्णावर शंका घ्यायचं कारणच नव्हतं. आप्पा गेले तेव्हा मी सातवीत होते. भांड्यांच्या दुकानाच्या गल्ल्यावर अण्णा बसला तो तेव्हापासून, स्वतःचं शिक्षण अर्धवट सोडून. डाग पसरायला लागले तेव्हा मी दहावीत होते. भर उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून शाळेत जायची. एक दिवस अण्णानं दारातच मला अडवलं आणि ओढणी काढून घेतली. "चोरी केलीस का कुणाची?" म्हणाला. "नाही ना? मग झाकतेस कशाला? असंच जायचं." मी रडत गेले. पण त्या दिवसानंतर मी गळा कधी झाकला नाही. पुढे चित्रकलेच्या कोर्सला लातूरला जायचं म्हटल्यावर आई नको म्हणत होती, तेव्हाही तोच मध्ये पडला होता. असा माणूस "सांगतो" म्हणाला, म्हणजे सांगणारच.

फोटो गेला आणि आठ-दहा दिवसांत बिडव्यांकडून निरोप आला. मुलगी बघायला येतो.

त्या दिवशी वहिनी परत ती डाग झाकायच्या लेपाची, लातूरहून आणलेली ट्यूब घेऊन बसली. वर पावडरचे दोन हात दिले.

"आता कशाला हे?" मी विचारलं. "त्यांना माहीत आहे ना?"

उत्तर अण्णानं दिलं. "ज्याला कळायला पाहिजे त्याला कळलंय, मंजू. पण चार बायका येणार, शेजारच्या डोकावणार. भरल्या घरात चर्चा कशाला? आणि फोटोतली वेगळी अन् समोरची वेगळी दिसली, तर त्यांना वाटायचं दुसरीच मुलगी बसवली."

तो हसला, मीही हसले. आई पोळपाटाशी होती. तिनं मान वर केली नाही.

महारुद्र उंच होता, थोडा वाकून चालायचा. बोलताना समोरच्याकडे नीट बघायचा. बघायला आलेल्या माणसांत हे मी पहिल्यांदा पाहिलं. आम्हाला ओसरीत बोलायला बसवलं तेव्हा त्यानं माझ्या पगाराचं, स्वयंपाकाचं काही विचारलं नाही. विचारलं, "मातीचे रंग किती प्रकारचे असतात, तुम्हाला माहिती आहे का? तुम्ही चित्रकलेच्या ना." मी म्हणाले, नाही. मग तो काळ्या रानातल्या मातीपासून सुरू झाला ते थेट कोकणातल्या तांबड्या मातीपर्यंत गेला. वहिनीला चहा घेऊन यावं लागलं मध्ये.

होकार आला. साखरपुडा महिन्याभराने ठरला आणि दर रविवारी त्याचा फोन यायला लागला.

एका रविवारी मी मन घट्ट करून विषय काढला. सरळ नाव घेऊन बोलायला जीभ उचलेना. म्हणाले, "तुम्हाला माझ्याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. मनात नका ठेवू."

"कशाबद्दल?"

"अण्णानं सांगितलं असेल ना..."

"हां, ते," तो म्हणाला. "सांगितलंय अण्णांनी. अहो, मी असल्या गोष्टी मनावर घेत नाही. आईला जरा वाटलं होतं सुरुवातीला, पण मी म्हटलं, यात त्यांचा काय दोष?"

मी फोन हातात धरून न्हाणीच्या पायरीवर बसून राहिले. "यात त्यांचा काय दोष?" हे वाक्य मला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. भटजींनी, डॉक्टरांनी, नातेवाइकांनी, सगळ्यांनी काही ना काही कारण माझ्यातच शोधलं होतं. दूध-मासे एकत्र खाल्ले असतील, मागच्या जन्मी काही केलं असेल. आणि हा माणूस नांदेडहून सहज बोलून गेला. त्या क्षणापासून मी त्याची झाले, असं म्हटलं तर खोटं नाही. त्यानंतर तो बोलायचा आणि मी नुसती ऐकायची. त्याच्या गप्प राहण्यातही मला मोठेपणा दिसायचा. बघा, एकदा बोलला तो विषय आणि पुन्हा काढला नाही त्यानं, असं मी माझ्या मैत्रिणीलाही सांगितलं.

साखरपुडा गावातल्याच एका मंगल कार्यालयाच्या मागच्या हॉलमध्ये होता. फोटोग्राफर सांगू या, असं मामा म्हणाले तर अण्णानं ऐकलं नाही. "घरचा कॅमेरा आहे की. मीच काढतो." आणि तो काढत होता खरंच. हॉलच्या पूर्वेकडच्या मोठ्या खिडकीजवळच त्यानं आमच्या खुर्च्या मांडून घेतल्या होत्या. अंगठ्या झाल्या, हार झाले, अण्णा समोरून फोटो काढतच होता.

मग दुपारी ढग भरून आले आणि त्याच वेळी वीज गेली. भारनियमनाचे दिवस होते, कुणाला नवल वाटलं नाही. पण हॉलमध्ये अंधारून आलं. महारुद्रची थोरली बहीण, शैलजाताई, बार्शीहून उशिरा पोचल्या होत्या. त्या आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"अण्णा, माझ्याबरोबर एक काढा यांचा. मी नाहीच कुठल्या फोटोत."

"लाइट येऊ द्या," अण्णा म्हणाला. "अंधारात नीट येत नाही."

"फ्लॅश मारा की मग!"

"फ्लॅश बिघडलाय."

"बघू?" महारुद्रनं हात पुढे केला. आता होणाऱ्या जावयाला नाही कसं म्हणणार? अण्णानं कॅमेरा दिला, पण देताना त्याचा हात जरा मागे राहिला, हे मी पाहिलं.

महारुद्रनं कॅमेरा उलटसुलट करून बघितला. "बिघडला नाहीये. बंद करून ठेवलाय फक्त. ही बघा, विजेच्या खुणेवर रेघ आहे." त्यानं बटण दाबलं. रेघ गेली. शैलजाताईंच्या नवऱ्याला त्यानं कॅमेरा दिला आणि परत माझ्याशेजारी येऊन बसला.

फ्लॅश उडाला. सगळ्यांनी डोळे मिचकावले आणि बघायला गर्दी केली.

पडद्यावर आम्ही तिघं होतो. शैलजाताईंचे डोळे लाल आले होते, त्यावर हसू झालं. मग कुणीतरी म्हणालं, "हे काय पांढरं?" माझ्या ओठांच्या कोपऱ्यात आणि गळ्यावर कुणी राख फासावी तसे दोन पट्टे उमटले होते. उजेडात चेहऱ्यात मिसळून जाणारा तो लेप फ्लॅशच्या झोताखाली उलटून पांढरा पडला होता. जिथे जाड थर दिला होता तिथेच, अगदी डागांच्या कडेकडेनं.

"उजेड परतला असेल," महारुद्र म्हणाला. "परत काढा."

परत काढला. परत तेच.

"पावडर जास्त झाली वाटतं नवरीबाईंची," शैलजाताई म्हणाल्या आणि बायका हसल्या. महारुद्रही हसला. त्यानं खिशातून रुमाल काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा पुसायला लागला. एकदा पुसला, बघितलं, परत पुसला.

मला त्याचं हसू आलं. खरंच. किती भोळा आहे हा, असं वाटलं. मी त्याच्याकडे झुकून हळू म्हणाले, "पुसून जायचं नाही ते. माझे डागच आहेत ते. वर लावलंय ना, म्हणून असे दिसताहेत."

"कसले डाग?"

"कोडाचे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी अजून हसतच होते. हसू कसं थांबवायचं असतं ते कळेपर्यंत हसतच राहिले.

"अण्णानं सांगितलंय ना तुम्हाला," मी म्हणाले. "तुम्हीच तर म्हणालात फोनवर. मनावर घेत नाही म्हणून."

"ते वयाचं होतं," महारुद्र म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता. "तुम्ही माझ्यापेक्षा वर्षानं मोठ्या आहात, ते. अण्णांनी तेवढंच सांगितलं मला."

तेवढ्यात अण्णा आमच्याजवळ आला. त्यानं महारुद्रच्या हातातून कॅमेरा घेतला. "बॅटरी संपत आली," म्हणाला, आणि माझ्याकडे बघितलं. अण्णाला मी तसं कधी बघितलं नव्हतं. तो डोळ्यांनी माझ्या पाया पडत होता. गप्प बस, एवढं निभावून ने, म्हणत होता.

मी गप्प बसले. समोर दोन्हीकडची माणसं जेवत होती. महारुद्रनं पानातलं काही खाल्लं नाही. जाताना त्यानं मला विचारलं, तेही गाडीत बसायच्या आधी, घाईघाईनं, "पण लावून तर तुम्हीच बसला होतात ना?"

गाडी गेली.

घरी आल्यावर मी तोंड धुतलं आणि अण्णासमोर जाऊन उभी राहिले. तो ओसरीत टोपी काढून बसला होता.

"माजघरात फ्लॅश मारून फोटो काढला होतास, तो हलला नव्हता," मी म्हणाले. "बरोबर ना?"

"दिसत होते त्यात डाग. म्हणून पुसलास तो. म्हणून फोटोग्राफर नको होता. म्हणून खिडकीजवळ खुर्च्या."

"तुझ्यासाठीच केलं ना!" अण्णा एकदम उसळला. "किती जण आले अन् गेले? मोजलेस तू? एकदा तुला माणूस म्हणून बघू दे त्याला, बोलू दे, ओळख होऊ दे, मग सांगू म्हटलं. लग्नानंतर कळलं असतं तर काय सोडून दिली असती का त्यानं?"

"लग्नानंतर सांगणार होतास?"

"तूच सांगितलं असतंस हळूहळू."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. मला वाटलं, ही तरी म्हणेल, अरे काय केलंस हे. ती पदरानं हात पुसत म्हणाली, "त्याला बोलू नको, मंजू. फ्लॅश मारू नको असं मीच सांगितलं होतं. पहिला फोटो बघून मलाच वाटलं, हा गेला तर पुन्हा कुणी यायचं नाही."

म्हणजे घरातल्या सगळ्यांनी तो फोटो बघितला होता. मी सोडून.

"दहावीत ओढणी काढून घेतली होतीस माझी," मी अण्णाला म्हणाले. "आठवतं?"

"तेव्हा लग्न करायचं नव्हतं तुझं," अण्णा म्हणाला.

त्या वाक्यानंतर मी त्याच्याशी वाद घातला नाही. घालण्यासारखं काही राहिलंच नाही.

पुढे कितीतरी दिवस नांदेडहून फोन नव्हता. मी अंगठी काढली नव्हती. खरं सांगायचं तर मी वाट बघत होते. त्याला फसवलं होतं, त्याचा राग रास्त होता, पण तो माणूस मातीवर इतकं प्रेमानं बोलणारा होता. राग उतरला की तो विचारेल, आणि मी सांगेन, मलाही फसवलं हो, तुमच्याइतकंच. आम्ही दोघं एकाच बाजूला आहोत असं मला वाटत होतं.

एक दिवस मधली सुट्टी संपता संपता शिपाई सांगत आला, बाई, भेटायला आलेत. महारुद्र चित्रकलेच्या वर्गाच्या दारात उभा होता. मी तोंडाला काही लावलेलं नव्हतं. अंगात कॉटनची साडी, बोटं पोस्टर कलरनं बरबटलेली. त्यानं पहिल्यांदाच माझा खरा चेहरा बघितला, आणि बघत राहिला. मीही मान वळवली नाही. बघू दिलं.

"एवढेच आहेत?" त्यानं विचारलं.

"खांद्यावर एक आहे. पुढे वाढतील की नाही, सांगता येत नाही."

तो बाकावर बसला. लेकरांनी वाळत घातलेली चित्रं दोरीवर हलत होती, त्यांच्याकडे बघत म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला कळलंय. अण्णांनी कबूल केलं."

"अण्णा भेटला तुम्हाला?"

"नांदेडला आले होते. दोनदा. मी खूप विचार केला. मला तुमच्या डागांचं काही नाही. खरंच नाही. फोनवर म्हणालो ते यालाही लागू आहे, समजा. यात तुमचा काय दोष?"

ते वाक्य तो पुन्हा म्हणाला होता आणि या वेळी ते खरोखर माझ्यासाठी होतं. मी टेबलाचा कोपरा धरून उभी राहिले. म्हणायचं होतं, बसा, मी चहा सांगते. तेवढ्यात तो पुढे बोलला.

"फक्त घरी काही बोललो नाही मी. आईचा स्वभाव तुम्हाला माहीत नाही. ताईला वाटतंय, पावडरच होती. तसंच राहू द्या. लग्नापर्यंत वहिनी लावतात तसं लावत जा. नंतर आपण नांदेडलाच राहणार. आईला हळूहळू सांगता येईल."

त्याला वाटलं, मला धीर हवा आहे.

"काळजी करू नका. अण्णांशी बोलणं झालंय सगळं. लग्नाचा फोटोग्राफर ते ओळखीचाच सांगणार आहेत. मंडपात मोठे दिवे लावायचे, म्हणजे फ्लॅशची गरज पडणार नाही."

किती शांतपणे सांगत होता तो. माझ्या घरात जे चार भिंतींच्या आत ठरलं होतं तेच आता नांदेडला बसून दोघांनी पुन्हा ठरवलं होतं, आणि या वेळी मला सांगायला आला होता, एवढाच फरक. फसवला गेलेला माणूस फसवणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसला होता. आणि मी समजत होते, तो माझ्या बाजूला आहे.

मी हात धुतले. रंग पटकन निघेना, नखांत निळा राहिला. अंगठी काढली आणि बाकावर त्याच्यापुढे ठेवली.

"अहो, मी तयार आहे म्हणतोय," तो म्हणाला. त्याला खरोखर कळत नव्हतं. "मी तुम्हाला आहे तशी स्वीकारतोय."

"मग आईंना सांगा आज घरी जाऊन. आहे तशी."

तो बराच वेळ अंगठीकडे बघत राहिला. मला वाटतं, त्या वेळात त्यानं खरंच विचार केला. मग घंटा झाली, सहावीची पोरं दारात गोळा झाली, आणि त्यानं अंगठी उचलून शर्टाच्या खिशात टाकली. जाताना तो पोरांच्या गर्दीतून वाट काढत, वाकून, "जाऊ द्या बाळांनो" म्हणत गेला. चांगला माणूस होता. तेच तर दुःख होतं.

त्या तासाला मी पोरांना फुलदाणी काढायला लावली. तास संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की फुलदाणी टेबलावर ठेवायचीच मी विसरले होते. सगळ्यांनी आठवून आठवून काढली होती, आणि कुणी काही विचारलं नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये मी लातूरच्या शाळेत बदली करून घेतली आणि तिथेच खोली केली. अण्णा सामान पोचवायला आला होता. पंखा लावून दिला, गॅसची नळी तपासली, जाताना डोळे पुसले. मी नको म्हटलं नाही. दिवाळीला जाते, आईच्या आजारपणात महिनाभर राहिले. बोलणं बंद नाही आमचं. पण त्यानं "सांगतो" म्हटलेली कुठलीही गोष्ट मी नंतर स्वतः जाऊन विचारून घेते, साधी बसची वेळ असली तरी.

गेल्या वर्षी त्याच्या मुलीचं लग्न झालं. मंडपात आईच्या नात्यातल्या एक सोलापूरच्या मावशी माझा हात धरून बसल्या होत्या. अण्णा शेजारीच उभा राहून पाहुण्यांना पंगतीला जायला सांगत होता.

"तुझं ठरलेलं मोडलं ना गं बिडव्यांनी," मावशी म्हणाल्या. "अण्णानं सांगितलं होतं तेव्हा. डाग बघून फिरले म्हणे. माणसं किती वाईट असतात."

म्हणजे इतकी वर्षं तो असं सांगत होता. मी अण्णाकडे बघितलं. त्यानं ऐकलं होतं. त्याचा हात पाहुण्यांकडे पुढे केलेला तसाच हवेत राहिला होता.

"त्यांनी नाही मोडलं, मावशी," मी म्हणाले. "मी मोडलं."

"अगं बाई! का? मुलगा वाईट होता का?"

"नाही," मी म्हणाले. "चांगला होता. अगदी अण्णासारखा."